पित्त नावाची पळवाट

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आईचं हिमोग्लोबिन साडेसातवर आलं. एक जिना चढली तरी धाप, तोंडाला चव नाही, डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक. रक्त कुठे चाललंय हे शोधायला नव्या डॉक्टरांनी ‘जुने कागद असतील तेवढे आणा’ म्हणून सांगितलं, तेव्हा मी कपाटातली बटणाची प्लॅस्टिक फाइल बाहेर काढली. त्यात नऊ वर्षांपूर्वीच्या दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट होता. जठराचे चार रंगीत फोटो. खाली निष्कर्ष : ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’, म्हणजे जठराच्या खालच्या टोकाला सूज. आणि त्याच्याही खाली, सहीच्या वर उरलेल्या चिंचोळ्या जागेत एक ओळ : ‘आरयूटी पॉझिटिव्ह’.

ही ओळ काय सांगते ते आधी सांगते, कारण मलाही ते नऊ वर्षं माहीत नव्हतं. दुर्बीण आत असतानाच चिमट्याने जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढतात आणि युरिया घातलेल्या पिवळ्या जेलीत ठेवतात. तुकड्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असेल, तर त्याच्याकडचं युरिएज हे एन्झाइम युरिया फोडतं, अमोनिया तयार होतो आणि पिवळी जेली गुलाबी होते. साधी, स्वस्त, डोळ्यांना दिसणारी तपासणी. त्या दिवशी ती जेली गुलाबी झाली होती. कुणीतरी ते पाहिलं होतं आणि टाइपही केलं होतं.

रिपोर्टच्या मागे त्याच तारखेची चिठ्ठी टाचलेली होती. पॅन्टोप्राझोल ४०, सकाळी उपाशीपोटी. एक पातळ गुलाबी औषध, दोन चमचे, जेवणानंतर. तिखट, तळलेलं, चहा बंद. आणि चिठ्ठीवर नसलेलं, पण मला अजून आठवणारं वाक्य : ‘काकू, टेन्शन कमी घ्या. स्वभावाला औषध नसतं.’ आम्ही तिघंही हसलो होतो. जिवाणूसाठी एकही गोळी त्या चिठ्ठीत नव्हती.

त्या डॉक्टरांवर हा लेख नाही. ते एकटे असते तर मी त्यांना एक कडक पत्र लिहून मोकळी झाले असते. गेल्या वर्षभरात ओळखीच्या ज्या ज्या घरात हा विषय काढला, त्या बहुतेक घरांत अशीच एक फाइल निघाली, किंवा फाइलसुद्धा निघाली नाही. नुसती गोळ्यांची पाकिटं निघाली. माझं भांडण आहे ते एका शब्दाशी आणि त्या शब्दाच्या आडोशाला आपण सगळ्यांनी – रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, मेडिकलवाला – मांडलेल्या सोयीच्या संसाराशी. तो शब्द म्हणजे पित्त.

मराठीत पित्त काय काय करतं ते पाहा. पित्त होतं, पित्त वाढतं, पित्त खवळतं, पित्त पडतं. पित्ताने डोकं चढतं. पित्त उठलं की अंगावर गांधी येतात आणि त्यावर आमसूल चोळतात. करपट ढेकर म्हणजे पित्त, छातीत जळजळ म्हणजे पित्त, सकाळी उठल्यावर मळमळ म्हणजे पित्त, आणि सुनेवर ओरडणारी सासू म्हणजे पित्तप्रकृतीची. वैद्यकाच्या भाषेत यात निदान अर्धशिशी, अंगावर पित्त उठण्याची अ‍ॅलर्जी, अन्ननलिकेत आम्ल उलटं येणं, जठराची सूज, अल्सर आणि पित्ताशयातले खडे एवढे वेगवेगळे आजार आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपचार वेगळे. आपण त्या सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबून पोत्याला नाव दिलं आहे. नाव दिलं की माणसाला वाटतं, कळलं. कारण विचारण्याची गरज संपते.

यावर ‘आयुर्वेदाला नावं ठेवता’ म्हणून कुणी अंगावर येण्याआधी एक गोष्ट नोंदवते. जुन्या वैद्यांचं निरीक्षण आपल्यापेक्षा पुष्कळ बारीक होतं. माधवनिदानात अम्लपित्त वेगळं आहे आणि परिणामशूल वेगळा. परिणामशूल म्हणजे अन्न पचण्याच्या वेळी उठणारी कळ. जेवणानंतर दोन-तीन तासांनी दुखणाऱ्या लहान आतड्याच्या अल्सरशी हे वर्णन ताडून पाहा. ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता त्यांनी नुसत्या रुग्णाकडे बघून दोन दुखणी वेगळी केली. आपल्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, दुर्बीण आहे, श्वासाची तपासणी आहे, आणि आपण ती दोन्ही दुखणी परत एक करून सकाळच्या गोळीखाली ठेवली. हा परंपरेचा दोष नाही, आपल्या आळसाचा आहे.

आता ‘टेन्शन आणि तिखट’. हा सिद्धान्त आपल्या आज्यांनी काढलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो पाश्चात्त्य वैद्यकाचाच अधिकृत सिद्धान्त होता. शिकागोतले मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनातून उद्भवणाऱ्या सात आजारांची यादी केली होती. तिच्यात अल्सर होता. कुणीतरी आपल्याला भरवावं, सांभाळावं ही इच्छा माणूस दाबून टाकतो आणि मग त्याचं जठर कायम जेवणाची वाट पाहत पाझरत राहतं, असा त्यांचा युक्तिवाद. सर्जन मंडळींचा युक्तिवाद थोडा सरळ होता : आम्ल कमी करायचं, तर जठराकडे जाणाऱ्या नसा कापा, नाही भागलं तर जठराचा तुकडाच काढा. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिमेटिडिन आलं, १९८१मध्ये रॅनिटिडिन, आणि सुरीची गरज कमी झाली. गोळी घेतली की अल्सर भरायचा, बंद केली की पुन्हा फुटायचा. आजाराच्या दृष्टीने ही अर्धवट गोष्ट. विक्रीच्या दृष्टीने याहून चांगला आजार सापडणं अवघड. रॅनिटिडिन काही वर्षांतच जगातलं सर्वाधिक खपाचं औषध झालं.

हा सिद्धान्त मोडला तो ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थमध्ये. ती गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, पण जिथे लक्ष द्यायला हवं तिथे न देता. रॉयल पर्थ हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९च्या जूनमध्ये जठराच्या एका तुकड्यावर वेटोळ्या जिवाणूंचा थर दिसला. जठरातल्या आम्लात काही जगतच नाही, असं तेव्हा पाठ्यपुस्तकच सांगत होतं. खरं तर असे जिवाणू आधीही दिसले होते. १९४०मध्ये बोस्टनच्या फ्रीडबर्ग आणि बॅरन यांनी ते पाहिले होते. पण १९५४मध्ये एडी पामर यांनी हजाराहून जास्त तुकडे तपासून ‘काही नाही’ असा निर्वाळा दिला आणि विषय मिटला. पामर यांनी नेहमीचा रंग वापरला होता, ज्यात हा जिवाणू नीट उठून दिसत नाही. वॉरन यांनी चांदीचा रंग वापरला. ज्या तुकड्यांत सूज, त्यांत जिवाणू. जिथे सूज नाही, तिथे सहसा जिवाणू नाही. वॉरन दोन वर्षं हे एकटेच मोजत बसले होते.

१९८१मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्याकडे आला. दोघांनी १९८२मध्ये शंभर रुग्णांचे तुकडे गोळा केले. जिवाणू प्रयोगशाळेत वाढेना. दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा फेकून द्यायची पद्धत होती. मग ईस्टरची मोठी सुट्टी आली, बशा तशाच राहिल्या, आणि सुट्टीवरून परतल्यावर त्यांत वसाहती दिसल्या. जिवाणूला फक्त जास्त दिवस हवे होते. (आमच्या फाइलमधल्या ओळीलाही कुणीतरी अर्धं मिनिट जास्त थांबायला हवं होतं, असं मला हे वाचताना वाटलं. असो.) १९८३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मार्शल यांचा निबंध परिषदेसाठी नाकारला. १९८४च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट’ने शंभर रुग्णांचा अभ्यास छापला : जठराची सक्रिय जुनाट सूज किंवा अल्सर असलेल्या जवळजवळ सगळ्यांमध्ये हा जिवाणू होता.

त्याच वर्षी मार्शल यांनी आधी स्वतःच्या जठरात दुर्बीण घालून ते निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि मग जिवाणूंचा काढा पिऊन टाकला. आठवड्याच्या आत सकाळच्या उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला, आणि दहाव्या दिवशी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा जठर सुजलेलं होतं, त्यात जिवाणू होते. ही गोष्ट सांगताना लोक हटकून ‘आणि त्यांना अल्सर झाला’ असं म्हणतात. झाला नव्हता. त्यांना गॅस्ट्रायटिस झाला होता. आईच्या रिपोर्टवरचा, ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिलेला तोच शब्द. त्या घोटाने सिद्ध केलं ते एवढंच, की निरोगी जठराला हा जिवाणू सुजवतो. त्या माणसाचा स्वभाव त्या दहा दिवसांत बदललेला नव्हता, आणि तिखट खाऊन तो तिथवर पोचला नव्हता.

या गोष्टीचा आपल्याकडे होणारा गैरवापर हा माझा दुसरा राग. ‘मार्शलला पण हसले होते’ हे वाक्य हल्ली प्रत्येक भोंदू आपल्या काढ्याच्या जाहिरातीला चिकटवतो. मार्शल बरोबर ठरले ते लोक हसले म्हणून नव्हे. १९८८मध्ये त्यांच्याच गटाने शंभर रुग्णांवर चाचणी केली, ज्यात कुणाला काय दिलंय हे ना रुग्णाला माहीत होतं ना तपासणाऱ्याला. जिवाणू टिकला त्यांच्यापैकी ८४ टक्के जणांचा भरलेला अल्सर वर्षभरात पुन्हा उलटला; जिवाणू गेला त्यांच्यापैकी २१ टक्के जणांचा. ही संख्या त्यांना बरोबर ठरवते. याच्या उलट उदाहरण ग्रीसमध्ये आहे. मिसोलोंघी गावातले डॉक्टर जॉन लिकूडिस १९५८पासून अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविकं देत होते. त्यांनाही हसले, वर वैद्यकीय संघटनेने दंड केला. बहुधा ते बरोबर होते. पण जिवाणू दाखवता आला नाही, मोजमाप मांडता आलं नाही, आणि त्यांचं औषध त्यांच्याबरोबरच गेलं. १९९४ संपेपर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने अल्सरसाठी प्रतिजैविकांची शिफारस केली होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जिवाणूला पहिल्या गटातला कर्करोगकारक म्हटलं होतं. त्या गटात तंबाखू आहे. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आईची दुर्बिणीची तपासणी त्यानंतर दहा वर्षांनी झाली होती.

म्हणून ‘विज्ञान आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो’ हे उत्तर मला मान्य नाही. विज्ञान पोचलं होतं. ती पिवळी जेली त्या खोलीत होती. पोचली नव्हती ती त्या जेलीचं पुढे काहीतरी करायचं असतं ही जाणीव, आणि ती न पोचण्याचं कारण असं, की गोळीने आईला बरं वाटलं. पॅन्टोप्राझोलच्या कुळातल्या गोळ्या आम्ल फार प्रभावीपणे कमी करतात. जळजळ थांबते. रुग्ण खूश, डॉक्टर खूश, मेडिकलवाला तर फारच. महिन्याची चिठ्ठी संपली की काउंटरवर नुसतं ‘ती पित्ताची द्या’ म्हटलं तरी पट्टी पुढे येते. आई नऊ वर्षं रोज सकाळी ती गोळी घेत होती. आग लागल्याची घंटा वाजू लागल्यावर घंटेला कापूस बांधावा तसा हा प्रकार. सूज आत चालूच होती. उलट आम्ल कायम दबलेलं असलं, की हा जिवाणू जठराच्या खालच्या टोकातून वर सरकतो आणि आम्ल तयार करणाऱ्या भागालाच सूज येते, हे आता चांगलं माहीत आहे. अन्नातलं लोह शोषायला आम्ल लागतं. जिवाणू आणि गोळी, दोघांनी मिळून आईचं हिमोग्लोबिन साडेसातवर आणलं. रक्त कुठे सांडत नव्हतं. ते तयारच होत नव्हतं.

नव्या दुर्बिणीच्या वेळी पाच ठिकाणचे तुकडे घेतले. अस्तर जागोजागी झिजलेलं, आणि काही ठिकाणी जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी आलेल्या. जुनाट सूज, मग झीज, मग पेशींचा असा वेशांतर, मग त्यांचं बिघडणं, आणि सरतेशेवटी कर्करोग, ही पायऱ्यांची उतरण पेलायो कोरेआ या पॅथॉलॉजिस्टने पूर्वीच मांडलेली आहे. बहुतेक माणसं शेवटच्या पायरीपर्यंत जात नाहीत. जिवाणू लवकर काढला तर उतरण थांबते. पण आई ज्या पायरीवर आहे तिथून वर येण्याची खात्री कुणी देत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘तीन वर्षांनी परत बघू.’ हे तीन-तीन वर्षांचे हप्ते त्या एका न वाचलेल्या ओळीचं व्याज आहे.

यावर समंजस माणसं तीन आक्षेप घेतात. ते खोटे नाहीत, म्हणून ते बाजूला सारून चालणार नाही.

पहिला : ‘अहो, भारतात अर्ध्याहून जास्त लोकांच्या पोटात हा असतो. सगळ्यांना औषध देणार का?’ नाही. ज्यांच्या पोटात तो आहे त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही जाणवतही नाही; अल्सर दहातल्या एखाद्याला होतो. शिवाय नुसत्या अपचनाच्या तक्रारीत, दुर्बिणीतून अल्सर वगैरे काही दिसत नसताना, जिवाणू काढल्याने साधारण चौदांत एका रुग्णाचा त्रास त्यामुळे जातो. छातीत वर चढणारी जळजळ तर बहुधा याची नसतेच. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणाऱ्यांचं जठर जिवाणूशिवायही फाटतं, जिवाणू असेल तर जास्त लवकर. हे सगळं मान्य. पण ‘सगळ्यांना असतं’ हे उत्तर ‘तुम्हाला काय झालंय’ या प्रश्नाचं होत नाही. एके काळी आपल्याकडे सगळ्या मुलांच्या पोटात जंत असायचे. म्हणून जंत निरोगीपणाचं लक्षण झाले नाहीत. महिनोन्‌महिने पोट दुखणारा, अल्सर झालेला, कारण न सापडता लोह कमी होणारा, घरात कुणी जठराच्या कर्करोगाने गेलेला, अशा माणसाची एकदा तपासणी करा आणि जिवाणू सापडला तर तो काढा, एवढंच म्हणणं आहे. जपानने २०१३मध्ये या जिवाणूने आलेल्या नुसत्या गॅस्ट्रायटिसलाही विम्याखाली उपचार सुरू केले. तिथे जठराचा कर्करोग आपल्यापेक्षा खूप जास्त आहे, त्यामुळे त्यांचं गणित जसंच्या तसं आपल्याला लागू नाही. पण निदान त्यांनी गणित मांडलं.

दुसरा आक्षेप प्रतिजैविकांचा, आणि हा मला सगळ्यात जड वाटतो. दोन-तीन प्रतिजैविकं चौदा दिवस, तीही निम्म्या देशाला, म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची पैदास. बरोबर. पण ही पैदास झाली कशी? मेट्रोनिडाझोल या औषधाला आपल्याकडचा हा जिवाणू बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त रुग्णांत दाद देत नाही, आणि त्याचं कारण पायलोरीचे उपचार नव्हेत. जुलाब झाले की मेडिकलमधून दोन गोळ्या घ्यायच्या, थांबले की उरलेल्या डब्यात, ही आपली घराघरातली रीत आहे. म्हणजे न तपासता औषध खाण्याच्या सवयीने ते औषध निकामी केलं, आणि आता त्याच निकामी औषधाचं कारण सांगून तपासायचं नाही म्हणतात. तपासून, योग्य माणसाला, योग्य जोडीची औषधं, पूर्ण दिवस, आणि मग जिवाणू खरंच गेला की नाही याची पुन्हा तपासणी : प्रतिजैविक वाचवण्याची रीत हीच आहे. ही शेवटची तपासणी आपल्याकडे जवळजवळ कुणी करत नाही. बरं वाटलं ना, मग झालं!

तिसरा आक्षेप मन. ‘पण ताणाने पोट बिघडतंच की.’ बिघडतं. परीक्षेच्या सकाळी माझंही बिघडायचं. ताणाने दुखणं जास्त जाणवतं, भूक मरते, झोप उडते. पण ताण हे उत्तर कुणाला दिलं जातं ते जरा पाहा. पुरुषाच्या पोटात दुखलं की ‘कामाचा लोड’, बाईच्या पोटात दुखलं की ‘स्वभाव’. आईने तीस वर्षं हे ऐकलं. वेळेवर जेवत नाही म्हणून पित्त. आणि वेळेवर का जेवत नाही, तर सगळ्यांचं झाल्यावर बसते म्हणून. उपास करते म्हणून पित्त. मनाला लावून घेते म्हणून पित्त. आत्याने एकदा तिला समोर बसवून सांगितलं होतं, ‘वहिनी, तुम्ही मनात ठेवता ना, ते असं पोटातून बाहेर येतं.’ आई तेव्हा मान हलवत होती. तिने ते खरं मानलं होतं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधली ‘हसत राहा, पित्त पळवा’ छापाची सदरं हेच काम गोड भाषेत करतात. एका संसर्गाची शिक्षा म्हणून माणसाला आयुष्यभर स्वतःच्या स्वभावाची लाज वाटायला लावायची, आणि तिला आरोग्यशिक्षण म्हणायचं.

आईचे चौदा दिवस कठीण गेले. आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ आणि दोन प्रतिजैविकं. तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव, आणि बिस्मथने शौचाला काळंकुट्ट. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून, नाहीतर आम्ही रात्री दोनला दवाखाना गाठला असता. नवव्या दिवशी ती म्हणाली, ‘पुरे आता, यापेक्षा पित्त बरं.’ पूर्ण केले. सहा आठवड्यांनी श्वासाची तपासणी झाली. खूण केलेला युरिया गिळायचा आणि थोड्या वेळाने फुंकर मारायची. जिवाणू उरला असेल तर युरिया फुटून त्यातला कार्बन श्वासात येतो. आला नाही. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन हळूहळू साडेअकरावर आलं आहे.

मग मी माझी तपासणी करून घेतली. माझ्याही पोटात होता. हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, तोंडातून किंवा हातातून लागतो. कुठल्या ताटातून आला ते विचारण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे आईच्या माहेरी ऐकलेलं एक वाक्य मला वेगळं ऐकू यायला लागलं : ‘आमच्या घराण्यातच पित्त आहे.’ दोन खोल्यांत आठ भावंडं वाढली. त्या सगळ्यांना पित्त आहे. आणि माझे आजोबा बावन्नाव्या वर्षी ‘पित्त विकोपाला जाऊन’ वारले. पोटात गाठ होती, असं आई आता सांगते. जेवण उतरत नव्हतं. तेव्हा कुणी तुकडा तपासला नाही, त्यामुळे ती कशाची गाठ होती ते आता कळणार नाही. पण तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी ‘घरात कुणाला जठराचा कर्करोग?’ असं विचारलं, तेव्हा आईने ‘नाही’ सांगितलं होतं. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या वडिलांना कर्करोग नव्हता, पित्त होतं.

आठांपैकी पाच भावंडं आहेत. मिरजेची मावशी तपासून आली. तिचंही पॉझिटिव्ह, औषध चालू आहे. धाकट्या मामाचं ठरत नाही. बावीस वर्षं तो सकाळची गोळी घेतो आहे आणि ती त्याला चहासारखी लागते. ‘गणपती होऊन जाऊ देत गं,’ म्हणतो. मी विसर्जनानंतरच्या शुक्रवारची वेळ घेऊन ठेवली आहे. श्वासाच्या तपासणीआधी ही गोळी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर पोटात जिवाणू असूनही रिपोर्ट खोटा चांगला येतो. तेवढ्यासाठी त्याच्या फोनवर गजर लावून दिला आहे, आणि मामीकडून गोळ्यांची पाकिटं मागून घेतली आहेत.